ना हरकत

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. लग्न आम्ही १९८३ साली पुण्यात करून पाहिलं होतं. घर बांधायचं राहिलं होतं. ते साठीनंतर, इंग्लंडातल्या एका खेड्यात आणि तेही ‘कॉन्झर्व्हेशन एरिया’त बांधायला निघालो, तेव्हा ही म्हण ज्याने केली त्याला कोपरापासून नमस्कार करावासा वाटला. त्याने फक्त बांधण्याचं म्हटलंय. परवानगी काढणं हा वेगळाच संस्कार आहे, सोळांच्या बाहेरचा.

आमचं खेडं स्टॅमफर्डपासून गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. लिंकनशर, रटलंड, केंब्रिजशर आणि नॉर्थहॅम्प्टनशर या चार काउंट्या या भागात एकमेकींना खेटून बसल्या आहेत; आमचं गाव त्यांतल्या कुठल्या काउंटीत आहे ते सांगत नाही आणि गावाचं नावही सांगत नाही. गावात जेमतेम सव्वाशे घरं आहेत आणि ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांच्याशी मला रोज बोलायचं असतं.

२००६ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही लेस्टरहून इकडे आलो. दगडी घर, पुढे रस्ता, मागे लांबलचक बाग. बागेच्या टोकाला सफरचंदाची पाच म्हातारी झाडं, एक मोडकी शेड आणि मागच्या गल्लीला लागून दगडी गडगा. गडग्याला मध्येच दहा-बारा फुटांचं खिंडार होतं. पूर्वी तिथून घोडागाडी आत यायची म्हणे. ते खिंडार बुजवायचं आम्ही दर उन्हाळ्यात ठरवत होतो आणि दर उन्हाळ्यात राहून जात होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१८ मध्ये नवऱ्याला पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. त्या दिवशी हॉस्पिटलमधून घरी आलो, चहा केला, आणि आम्ही दोघं काही न बोलता जिन्याकडे बघत बसलो. जुन्या घरांतले जिने तुम्हाला माहीत आहेत: अरुंद, उभे, मध्येच वळणारे. झोपायची खोली वर, न्हाणीघरही वर. महिन्याभरात बेत ठरला. मागच्या बागेत एकमजली, पायरी नसलेलं छोटं घर बांधायचं, आपण तिकडे जायचं आणि पुढच्या घरात मुलगी, जावई आणि दोन नातवंडांनी यायचं. आपली जमीन, आपले पैसे, आपलाच म्हातारपणाचा प्रश्न. यात कोणाचं काय जातं?

या प्रश्नाचं उत्तर मिळायला साडेतीन वर्षं लागली.

इथे १९४७ च्या कायद्यापासून, जमीन तुमची असली तरी तिच्यावर काय उभं राहणार हे तुम्ही एकट्याने ठरवायचं नसतं. परवानगी लागते, आणि ती देण्याआधी काउन्सिल गावाला विचारतं. त्यावर १९६७ साली आणखी एक कायदा आला आणि कॉन्झर्व्हेशन एरिया ही कल्पना जन्मली. त्याआधी एखादी जुनी इमारत यादीत घालून जपता येत होती. नव्या कायद्याने अख्खा परिसर जपता येऊ लागला. म्हणजे घरांबरोबर गल्ल्या, गडगे, झाडं आणि दोन घरांमधली मोकळी जागासुद्धा. त्याच वर्षी असा पहिला परिसर जाहीर झाला तो आमच्या शेजारचं स्टॅमफर्ड. आज एकट्या इंग्लंडमध्ये असे सुमारे दहा हजार परिसर आहेत. तिथे नवं काही बांधायचं तर परिसराचं रूप किंवा स्वभाव राखला जातो का, शक्यतो सुधारतो का, हे पाहणं काउन्सिलवर कायद्याने बंधनकारक आहे. झाडाचंही तसंच. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचं खोड साडेसात सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण वरवंट्यापेक्षा जाड आहे, असं झाड तोडायचं किंवा छाटायचं तर सहा आठवडे आधी कळवावं लागतं. झाड तुमच्याच बागेतलं असलं तरी.

आमचा आर्किटेक्ट माझ्या मुलाच्या वयाचा. पहिल्या भेटीत आम्ही त्याच्यापुढे मासिकांतली कात्रणं ठेवली. त्याने ती बाजूला सारली आणि म्हणाला, “आधी दोघं एक दिवस स्टॅमफर्डला जा. दुकानं बघू नका. छपरं बघा.”

बारा वर्षं आम्ही स्टॅमफर्डला बाजाराला जात होतो. शुक्रवारच्या बाजारात भाजी, मासे, क्वचित चांगली कोथिंबीर. पण मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. सगळं गाव एकाच चुनखडी दगडाचं. दुधात थोडा मध ढवळला तर जो रंग येईल तो. जवळच्या बार्नॅकच्या खाणीतल्या दगडाने पीटरबरो आणि ईलीची कॅथीड्रलं उभी राहिली, केटनची खाणही हाकेच्या अंतरावर. लंडनहून उत्तरेला जाणारा जुना हमरस्ता इथूनच वेलंड नदी ओलांडायचा. त्या रस्त्यावर, जॉर्ज हॉटेलसमोर, या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी तुळई आहे आणि तिच्यावर हॉटेलची पाटी. पुढे रेल्वेची मुख्य लाइन पीटरबरोवरून गेली, कारखाने तिकडे गेले. १९६० साली हमरस्ताही गावाबाहेरून वळवला. गाव होतं तसं राहिलं. बीबीसीने ‘मिडलमार्च’ मालिका इथे चित्रित केली ती त्यामुळेच.

आणि छपरं! ती फरशी कॉलीवेस्टन या शेजारच्या खेड्यातली. नाव तिचं स्लेट, पण असते चुनखडीच. हिवाळ्यात दगड खणून वर आणायचा, पाणी मारून ओला ठेवायचा आणि थंडीत उघड्यावर टाकायचा. आत मुरलेलं पाणी गोठून फुगतं आणि दगड पदरापदराने सुटायला लागतो. मग हातोडीने त्याच्या फरश्या काढायच्या. छपरावर रचताना मोठ्या फरश्या खाली वळचणीला, आणि वर आढ्याकडे जाताना लहान लहान होत जाणाऱ्या. अलीकडे तशी कडाक्याची थंडी भरवशाने पडेना, धंदा बसायला आला. तेव्हा लोकांनी दगड मोठ्या फ्रीझरमध्ये गोठवायची युक्ती काढली. नवरा जन्मभर इंजिनांत रमलेला. नदीकाठच्या कुरणात बाकावर बसून तो अर्धा तास त्या छपरांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, “थंडीने फोडलेला दगड पावसासाठी वापरायचा. डोकं आहे.”

येताना दोघंही खूश होतो. पण शिकलो काहीच नव्हतो. कारण अर्जापूर्वीच्या सल्ल्यासाठी गेलो तेव्हा तिथल्या अधिकारी बाईंनी स्पष्ट सांगितलं की एकमजलीच ठेवा, उंची कमी ठेवा, घर गडग्याच्या खिंडारापासून दूर सरकवा. आणि आम्ही काय केलं? पाहुण्यांसाठी माळ्यावर एक खोली हवीच, असा हट्ट धरला. भारतातून कोणी आलं तर झोपणार कुठे? आर्किटेक्टने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा मुकाट्याने काढून दिलं. नकाशे, आराखड्यामागचा विचार सांगणारं एक निवेदन, परिसराच्या इतिहासाचं दुसरं निवेदन, झाडांचा अहवाल आणि एका नव्या घराची त्या वेळची फी ४६२ पाउंड, असा अर्ज २०१९ च्या शरदात गेला.

आठवड्याभरात मागच्या गल्लीतल्या दिव्याच्या खांबावर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद लागला. कुठे, काय बांधणार, आणि हरकती कळवायला एकवीस दिवस. संध्याकाळी कुत्री फिरवायला निघालेलं गाव त्या खांबापाशी थांबून वाचायचं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. आपल्या मुलीच्या पत्रिकेवर चार लोक चौकात उभं राहून बोलताहेत, तसं वाटायचं.

अकरा हरकती आल्या. त्या काउन्सिलकडे कोणालाही वाचता येतात, अर्जदारालासुद्धा. एकाला गटारांची काळजी, एकाला गल्लीतल्या गाड्यांची, तिघांना ‘पायंडा पडेल’ ही. दहा पत्रं वाचून मी नुसती चिडले. अकरावं मात्र लागलं. ते गल्लीपलीकडच्या बाईंचं होतं. आम्ही राहायला आलो त्या दिवशी सफरचंदाचा पाय घेऊन आलेल्या बाई. नवऱ्याच्या आजाराचं कळल्यावर दर बुधवारी चौकशी करणाऱ्या. त्यांचं हाताने लिहिलेलं तीन पानी पत्र होतं. १९६८ पासून मी या गल्लीत राहते, अशी सुरुवात. गडग्याच्या खिंडारातून, सफरचंदाच्या झाडांमधून चर्चचा मनोरा दिसतो. गल्लीतून जाताना तो दिसणारी ही एकच जागा आहे. प्रस्तावित छप्पर बरोबर त्याच्या आड येतं. वसंतात तो मनोरा मोहरातून दिसतो आणि हिवाळ्यात फांद्यांतून. शेजारी माझे मित्र आहेत आणि त्यांची गरज खरी आहे, पण घर जाईल, माणसंही जातील, आड आलेलं छप्पर मात्र राहील.

‘माणसंही जातील.’ त्या वेळी मी त्या वाक्याचा जो अर्थ लावला, तो आज लिहायचीही लाज वाटते. छत्तीस वर्षं या देशात काढली, कर भरले, मुलं वाढवली, आणि शेवटी आपण जाणारेच! मी बाईंना हात करायचं सोडलं. बुधवारी त्या आल्या की नवराच दार उघडायचा.

जानेवारी २०२० मध्ये नकार आला. इंग्लिश नकार. त्यात आमच्या घरामुळे परिसराची ‘भरीव नव्हे अशी’ हानी होईल असं म्हटलं होतं, आणि त्या हानीपेक्षा मोठा सार्वजनिक लाभ त्यात दिसत नाही. काउन्सिलने केलेल्या आमच्या गावच्या पाहणीचा नकाशा सोबत जोडला होता. महत्त्वाची दृश्यं त्यावर बाणांनी दाखवली होती. त्यांतला एक बाण आमच्या खिंडारातून थेट मनोऱ्याकडे गेला होता. जे बुजवायचं आम्ही चौदा वर्षं ठरवत होतो, ते गावाच्या नकाशात नोंदवलेलं होतं.

अपील करायला सहा महिने असतात. मी लढायच्या तयारीत होते. मग मार्चमध्ये कोविड आला आणि सगळंच थांबलं. नवऱ्याचा मोकळा वेळ जाईना. एका दुपारी तो फाइल घेऊन बसला. हात थरथरत असल्यामुळे कागद टेबलावर दाबून वाचायची त्याची आता पद्धत झाली होती. बाईंचं पत्र त्याने दोनदा वाचलं.

“बाईंनी आपल्या बागेकडे आपल्यापेक्षा जास्त बघितलंय गं,” तो म्हणाला.

मी काही बोलले नाही. पण रात्री झोप लागेना, आणि आठवलं ते वाईचं.

माझं माहेर वाईचं. कृष्णेच्या घाटाजवळच्या आळीत आमचा वाडा होता. काळ्या दगडाचं जोतं, दिंडी दरवाजा, आत चौक, ओटी, माजघर, वर माडी. सागवानी खांब, त्यांच्यावर तुळया, भिंतींत कोनाडे. मागे परसू, त्याला छातीएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे एका काकूंचं दोन खोल्यांचं घर. लहानपणी मी त्यांच्याकडे पडीक असायची. काकूंच्या पडवीत बसलं की आमच्या परसावरून, दोन घरांच्या मधून, ढोल्या गणपतीच्या देवळाचं शिखर दिसायचं. काकू सकाळी तिथूनच हात जोडायच्या. संध्याकाळी नदीकडचा वारा परसातून सरळ त्यांच्या पडवीत यायचा. वीज गेली की आळीतल्या बायका तिथे येऊन बसायच्या.

बाबा गेल्यावर, १९९४ मध्ये, चुलतभावाचं पत्र आलं. वाडा खचत चाललाय, दुरुस्ती कोणाच्या आवाक्यात नाही, बिल्डर तयार आहे, परसू धरून तीन मजली इमारत होईल, सगळ्यांना फ्लॅट मिळतील. खोटं त्यात काही नव्हतं. पावसाळ्यात माडी गळत होती आणि काका-काकूंनी म्हातारपणी घमेली लावत बसायचं का? नगरपालिकेची परवानगी रीतसर मिळत होती. वारसांची संमतीपत्रं तेवढी हवी होती. ‘बाकी सगळ्यांची ना हरकत आहे,’ असं त्याने लिहिलं होतं. मी लंडनला हाय कमिशनमध्ये रांगेत उभी राहिले आणि सही केली. माझा नंबर आल्यावर तीन मिनिटं लागली असतील.

चार वर्षांनी वाईला गेले. इमारत झाली होती, सगळे सुखात होते, नळाला पाणी होतं. वाड्याचे खांब कुठल्याशा हॉटेलवाल्याने नेले होते. मी मागे काकूंकडे गेले. पडवीसमोर आता आमची तीन मजली भिंत होती, न्हाणीघरांच्या पाइपांसकट. काकूंनी चहा केला, माझ्या मुलांची चौकशी केली, बारीक झालीस म्हणाल्या. निघताना मी उगाच म्हटलं, “काकू, उकडतं हो इथे आता.” त्या म्हणाल्या, “हो, आता दिवसापण पंखा लावावा लागतो गं.” एवढंच. शिखराबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

आमच्या घराला हरकत एकाचीही नव्हती, कारण काकूंना कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी लिहिलं असतं का, कोण जाणे. बहुतेक नसतं. पण तीन पानांचा मजकूर त्यांच्यापाशी नक्की होता.

दुसऱ्या दिवशी मी चिवड्याचा डबा घेऊन गल्ली ओलांडली. लॉकडाउन होता, बाई त्यांच्या दारात, मी फाटकाबाहेर, मध्ये दोन मीटर. डबा फाटकावर ठेवला. म्हटलं, “तुमचं पत्र मी आत्ता नीट वाचलं.” त्या पटकन म्हणाल्या, “मला वाटलं होतं, तुम्ही परत कधी बोलणार नाही.” मग हसून सांगितलं की पन्नास वर्षांत त्यांनी सतरा हरकती नोंदवल्या आहेत. पाद्रीबाबांच्या गॅरेजला एक, पबच्या पाटीला दोन, आणि एक स्वतःच्या जावयाच्या काचेच्या खोलीला. जावई वर्षभर बोलत नव्हता. ‘माणसंही जातील’ यातली माणसं कोण, तेही कळलं. त्यांचे पती शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले होते. पलंग वरच्या खिडकीपाशी होता आणि तिथून खिंडारातला मनोरा दिसत होता. त्या स्वतःबद्दलच लिहीत होत्या.

जूनमध्ये नियम सैल झाल्यावर आम्ही बागेत बांबू रोवले. घराचे कोपरे, वळचणीची उंची, आढ्याची उंची, सगळ्याला सुतळी ताणली. नवरा मधोमध खुर्ची टाकून इंजिनियरगिरी करत होता, मी आणि जावई बांबू हलवत होतो, बाई गल्लीत उभ्या राहून सांगत होत्या, “अजून खाली. अजून डावीकडे.” दुपारभरात घर उत्तरेच्या गडग्याला चिकटलं, काटकोनात वळलं, अर्धा मीटर जमिनीत गेलं आणि माळ्यावरची पाहुण्यांची खोली उडाली. खिंडार मोकळं राहिलं. संध्याकाळी आर्किटेक्टला फोटो पाठवले. तो म्हणाला, “हेच तर.” पुढचं सौजन्याने बोलला नाही.

मला वाटलं, आता झालंच. पण शेडमध्ये वटवाघळं निघाली. इथे वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे आणि शेड पाडायची तर त्यांची पाहणी लागते. ती मे ते सप्टेंबरमध्येच होते, कारण हिवाळ्यात ती झोपलेली असतात. २०२० चा मोसम हुकला. पूर्ण एक वर्ष. त्या वर्षात नवरा जिन्यावर दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा मी पायरीवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि वटवाघूळ, मनोरा, बाण, सगळ्यांना शिव्या देत होते. कॉन्झर्व्हेशन हे धडधाकट माणसांचं काम आहे, असं तेव्हा वाटलं. आजही थोडं वाटतं. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं गोड वाचून कोणी म्हणेल की बरं झालं उशीर झाला. बरं झालं नाही. आम्ही झोपायची खोली खाली दिवाणखान्यात आणली आणि वर्ष काढलं.

२०२१ च्या उन्हाळ्यात दोन तरुण मुली यंत्रं घेऊन आल्या. सूर्यास्ताला खुर्च्या मांडून बसल्या. आम्हीही बसलो, बाईही आल्या. अंधार पडताना यंत्र टकटकायला लागलं. आपल्याला ऐकू न येणारा वटवाघळांचा आवाज ते ऐकू येईल असा करतं. अंगठ्याएवढी चार वटवाघळं शेडच्या फटीतून निघून सफरचंदांवरून गेली. नवऱ्याने प्रत्येक वेळी बोट वर केलं. बोट हलत होतं, पण मोजणी बरोबर होती. त्यांच्यासाठी नव्या घराच्या आढ्याखाली फट ठेवायची ठरली.

दुसरा अर्ज ऑक्टोबरमध्ये गेला. नकारानंतर वर्षाच्या आत पुन्हा अर्ज केला असता तर त्या वेळी फी माफ होती. आमचं वर्ष उलटून गेलं होतं, म्हणून पुन्हा ४६२ पाउंड. खांबावर पुन्हा कागद. या वेळी पाच हरकती, सात पाठिंबे. आणि ‘तटस्थ’ असाही एक रकाना असतो, त्यात एक पत्र. बाईंचं. ‘इथे काहीच बांधलं जाऊ नये असं मला अजूनही वाटतं. पण बांधायचंच असेल तर हे बांधावं.’ नवरा म्हणाला, “यापेक्षा मोठं सर्टिफिकेट इंग्लंडमध्ये मिळत नाही.”

गावच्या हरकतीमुळे प्रकरण काउन्सिलच्या कमिटीपुढे गेलं. मार्च २०२२. अर्जदाराला बोलायला तीन मिनिटं देतात, समोर घड्याळ असतं. मी जिन्याबद्दल बोलणार होते. दोन वाक्यं बोललेही. मग सांगितलं की माझ्या माहेरी आम्ही एका बाईंच्या दारातलं देवळाचं शिखर झाकलं, त्यांना न विचारता. इथे मला विचारावं लागलं, ते मला आवडलं नव्हतं. पण विचारल्यामुळे घर चांगलं झालंय. तीन मिनिटं व्हायच्या आधीच मी खाली बसले. सहा विरुद्ध चार मतांनी परवानगी मिळाली, चौदा अटींसकट.

अटींची हकीकत सांगत बसत नाही; तो दुसरा लेख होईल. एक सांगते. भिंत बांधण्याआधी नमुन्याची एक मीटर लांब-रुंद भिंत बांधून दाखवावी लागली. दगड कसा रचणार, चुन्याचा दर्जा कसा, सगळं मंजूर करून घ्यायचं. पहिला नमुना नापास झाला. कॉलीवेस्टनची फरशी आम्हाला फक्त गल्लीकडच्या छपरावर परवडली. पाया खणताना पुरातत्त्वाचा माणूस हजर पाहिजे, अशीही अट होती. त्याला मातीच्या चिलमींचे तुकडे आणि एका वाडग्याचा काठ सापडला. नातवंडांना वाटलं, खजिना.

आपल्या मंडळातल्या कोणाच्या मनात असं काही असेल, तर अनुभवाचे चार शब्द. अर्जापूर्वीचा सल्ला घ्या, आणि घेतला तर ऐका. गावच्या परिसराची पाहणी काउन्सिलकडे असते, ती वाचा. बाण कुठे आहेत ते बघा. जुनं छप्पर किंवा शेड असेल तर वटवाघळांचा मोसम आधी गाठा. काम सुरू करण्यापूर्वी पूर्ण करायच्या अटी खरोखरच आधी पूर्ण करा, नाहीतर परवानगी हाती असूनही बांधकाम बेकायदा ठरू शकतं. आणि परवानगी तीन वर्षांची असते, त्यात काम सुरू झालं पाहिजे. सगळ्यांत आधी मात्र नकाशा घेऊन शेजाऱ्याकडे जा. खांबावर कागद लागण्याआधी.

२०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी आम्ही राहायला गेलो. वास्तुशांत साधीच केली. नवऱ्याची खुर्ची दक्षिणेच्या खिडकीपाशी आहे. घर वळवल्यामुळे झालं असं की त्या खिडकीतूनही फांद्यांमधून मनोरा दिसतो. हे नकाशात कोणी ठरवलं नव्हतं. तो फारसा बोलत नाही हल्ली, पण तिकडे बघत असतो.

जावयाने गल्लीकडच्या वळचणीला आकाशकंदील लावला. नातीने केलेला, थोडा वाकडा, केशरी. दुसऱ्या दिवशी बाई काठी टेकत आल्या. वर बघितलं, मग खिंडाराकडे बघितलं, मग पुन्हा वर.

“सुंदर आहे,” म्हणाल्या. “हा किती दिवस राहणार आहे?”

“तुळशीच्या लग्नापर्यंत,” मी म्हटलं. मग तुळशीचं लग्न म्हणजे काय, ते सांगावं लागलं. चहा झाला, चकल्या झाल्या. निघताना त्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, “तोवर माझी काही हरकत नाही.”